हाक गेली, माणसं आली

शुक्रवार, १ जून २०१८. अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलातलं फुटबॉलचं मैदान. भारतानं चायनीज तैपेईवर पाच गोल चढवले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही. पाचांतले तीन कर्णधार सुनील छेत्रीचे, एक उदांता सिंगचा, एक प्रणय हलदरचा. देशाच्या संघानं घरच्या मैदानावर याहून वेगळं काय करून दाखवायचं असतं? आणि हे सगळं पाहायला प्रेक्षक होते २,५६९.

मेट्रोचं आझादनगर स्थानक तिथून हाकेच्या अंतरावर आहे. शुक्रवारच्या संध्याकाळी त्या रस्त्यानं घरी परतणारी माणसंच याच्या कितीतरी पट असतात. त्यांतल्या अनेकांना आत काय चाललंय याचा पत्ता नव्हता, आणि ज्यांना होता त्यांच्यापैकी बरेच जण दुसऱ्याच एका स्पर्धेच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते. रशियातला विश्वचषक १४ जूनला सुरू होणार होता. मुंबईच्या पदपथांवर अर्जेंटिनाच्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या आणि ब्राझीलच्या पिवळ्याधमक जर्सी लटकू लागल्या होत्या. ऑफिसांत सामन्यांची वेळापत्रकं भिंतीवर चिकटली होती. फुटबॉलची हवा शहरात होतीच, फक्त ती अंधेरीच्या दिशेनं वाहत नव्हती.

मुंबईतली ही स्पर्धा छोटीच होती. भारत, केनिया, न्यूझीलंड आणि चायनीज तैपेई असे चार संघ, नाव इंटरकॉन्टिनेन्टल कप. पण तिच्यामागे मोठं निमित्त होतं. जानेवारी २०१९ मध्ये अमिरातीत आशियाई चषक व्हायचा होता आणि त्यात भारत खेळणार होता. १९६४, १९८४, २०११ आणि आता २०१९. आशियाई चषकाच्या मुख्य स्पर्धेत खेळण्याची ही भारताची चौथीच वेळ. महिन्याभरापूर्वी, ४ मेला दुबईत गट ठरले होते. यजमान अमिराती, थायलंड, बहरीन आणि भारत एका गटात आले होते. त्या मोठ्या परीक्षेची रंगीत तालीम म्हणून प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाइन यांचा संघ अंधेरीत उतरला होता. रंगीत तालमीला प्रेक्षक नसले तरी चालतं, असं नाटकवाले म्हणतील. फुटबॉलमध्ये तसं चालत नाही. हजारो माणसांच्या आवाजात, अंगावर येणाऱ्या गर्दीत खेळायची सवय सरावाच्या मैदानावर लागत नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, छेत्रीनं एक छोटी चित्रफीत टाकली. हात जोडून बोलावं तसं तो बोलला. त्यात रुसवा नव्हता, टोमणा नव्हता. युरोपातल्या क्लबांवर जीव टाकणाऱ्यांना त्यानं आधी मोकळेपणानं सांगितलं, की तुमचं म्हणणं खरं आहे, आमचा दर्जा त्यांच्या जवळपासही नाही. पण तुमचा वेळ वाया जाऊ नये म्हणून आम्ही जिवापाड झटू. ज्यांना भारतीय फुटबॉलची आशाच उरलेली नाही त्यांनाही त्यानं बोलावलं: इंटरनेटवर शिव्या देण्यात काय गंमत, मैदानात या, तोंडावर ओरडा, टीका करा, कोण जाणे, एक दिवस तुमच्या शिव्यांच्या टाळ्या होतील. आणि ज्यांना फुटबॉलच आवडत नाही त्यांना म्हणाला, हा जगातला सर्वांत सुंदर खेळ आहे आणि आम्ही देशासाठी खेळतो, या दोन कारणांसाठी तरी या.

एका देशाच्या कर्णधारानं, तीन गोल मारल्याच्या दुसऱ्या दिवशी, लोकांना असं विनवावं लागावं हे वाचतानाही गळा दाटून येतो. त्याच आठवड्यात तो शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना खेळणार होता. बायचुंग भुतियानंतर हा टप्पा गाठणारा तो दुसराच भारतीय. पण चित्रफितीत त्याचं बोलणं संघाबद्दल होतं आणि समोरच्या रिकाम्या खुर्च्यांबद्दल. म्हणूनच ते लोकांना लागलं. विराट कोहलीनं ती चित्रफीत पुढे पाठवली आणि सगळ्यांना मैदानात जायला सांगितलं. सचिन तेंडुलकरनंही साद घातली. क्रिकेटच्या देशात क्रिकेटवाल्यांनी फुटबॉलसाठी शब्द टाकला हे लोकांना आवडलंच, पण खरं काम केलं ते घराघरांतल्या व्हॉट्सअॅप गटांनी. सोमवारी जायचं का? तिकिटं आहेत का? आणि मग, तिकिटं संपली.

भारतीय फुटबॉल संघाच्या मुंबईतल्या सामन्याची तिकिटं संपली, हे वाक्य त्या शहरात कित्येक वर्षांत कुणी उच्चारलं नसेल.

४ जून, सोमवार. पाऊस त्या दिवशीच मनावर घेऊन कोसळला. मुंबईत पहिल्या जोराच्या पावसात जे होतं ते सगळं झालं असणार: लोकल रखडल्या, रिक्षावाल्यांनी मान हलवली, घरच्यांनी विचारलं की या असल्या पावसात जायलाच हवं का. तरी रात्री आठच्या सुमारास अंधेरीच्या त्या मैदानात जवळजवळ नऊ हजार माणसं बसली होती. बसली होती म्हणणंही चूकच, उभी होती. जर्सी भिजून अंगाला चिकटलेल्या. तिरंग्यातून पाणी ठिबकत होतं, तो दर पाच मिनिटांनी पिळावा लागत होता. मैदानावर जागोजागी पाणी साचलं होतं. पास दिलेला चेंडू डबक्यात जाऊन थबकायचा आणि दोघे-तिघे खेळाडू पाणी उडवत त्याच्यावर तुटून पडायचे. केनियाचे खेळाडू उंच, धिप्पाड. मध्यंतरापर्यंत कुणाचाच गोल नाही.

अशा सामन्यात प्रेक्षक एरवी कंटाळतो, घड्याळ बघतो, गर्दी टाळायला लवकर निघतो. त्या रात्री तसं झालं नाही, कारण आलेली माणसं खेळाचा हिशेब मांडायला आली नव्हती. कुणीतरी नाव घेऊन बोलावलं म्हणून ती आली होती. ६८व्या मिनिटाला पेनल्टी मिळाली आणि छेत्रीनं ती मारली. तीन मिनिटांत जेजे लालपेखलुआचा दुसरा गोल. भरपाईच्या वेळेत पुन्हा छेत्री. तीन-शून्य. सामना संपल्यावर संघ प्रेक्षकांसमोर रांगेत उभा राहिला, डोक्यावर हात उंचावून टाळ्या सुरू झाल्या. आधी सावकाश, दोन टाळ्यांमध्ये पूर्ण शांतता, मग हळूहळू वेग वाढवत. आइसलंडच्या प्रेक्षकांनी २०१६ च्या युरो स्पर्धेत जगभर पोहोचवलेली ही रीत. अंधेरीत ती पावसाच्या आवाजावर ताल धरून झाली.

असाच पाठिंबा दर वेळी मिळाला तर मैदानावर जीव ओवाळून टाकू, अशा अर्थाचं छेत्रीनं त्या रात्री लिहिलं.

यानंतरचा गुरुवार खरं तर अधिक महत्त्वाचा. एका भावनिक आवाहनानं माणसं एकदा येतात. दुसऱ्यांदा येतील का? ७ जूनला न्यूझीलंडविरुद्ध भारतानं आघाडी घेतली आणि नंतर सामना १-२ असा गमावला. गर्दी मात्र आली होती. आणि हरल्यावरही ती रविवारच्या अंतिम सामन्याला परत आली. १० जूनला पुन्हा केनियाच समोर. पहिल्या अर्ध्या तासात छेत्रीचे दोन गोल, चषक भारताचा. त्या दोन गोलांनी त्याचे आंतरराष्ट्रीय गोल ६४ झाले. त्या वेळी खेळत असलेल्या फुटबॉलपटूंमध्ये तेवढेच गोल लिओनेल मेस्सीच्या नावावर होते, आणि त्या दोघांच्या पुढे एकटा ख्रिस्तियानो रोनाल्डो. विश्वचषकाला चार दिवस उरले होते. पदपथावरून मेस्सीची जर्सी विकत घेणाऱ्या मुलाला कुणीतरी हे सांगितलं असेल, अशी आशा आहे.

आता प्रश्न असा, की मग आधी ही माणसं होती कुठे? महाराष्ट्राला फुटबॉलचं वेड नाही, असं उत्तर झटकन दिलं जातं. ते देणाऱ्यानं एकदा कोल्हापूरला जाऊन यावं.

कोल्हापुरात फुटबॉल पेठेत राहतो. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही संघांची नावं. नावांतूनच कळतं की लाल मातीत अंग घासणाऱ्या तालमींनीच पुढे चेंडूही पायाशी घेतला. छत्रपती शाहू स्टेडियमवर स्थानिक स्पर्धा रंगात आली, की पायऱ्या उन्हातही भरलेल्या असतात. आजोबा, बाप आणि नातू एकाच तालमीचे समर्थक. सामना ‘ईर्षेचा’ असेल तर पेठेतल्या चहाच्या टपरीवर चार दिवस आधीपासून दुसरा विषय नसतो: कोण खेळणार, कुणाचा गुडघा दुखावलाय, परदेशी खेळाडू कुणी आणला. जर्सीच्या रंगावरून माणूस कुठल्या गल्लीतला ते ओळखता येतं. ‘नाद खुळा’ हा शब्द या गावानं उगाच घडवला नाही.

विश्वचषकाच्या वर्षी याच पेठा अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये वाटल्या जातात. चौकांत मोठाले फलक लागतात, गल्ल्यांवर पताका चढतात, मोटारसायकलींना झेंडे बांधले जातात. डिसेंबर २०२२ मध्ये कतारात अर्जेंटिना जिंकली तेव्हा कोल्हापूरच्या रस्त्यांवर फटाके वाजले आणि गुलाल उडाला. ब्युनोस आयर्स कुठल्या दिशेला आहे हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही. याची थट्टा करणारे करोत. ज्याच्या खेळानं आपली रात्र उजळली त्याच्या आनंदात नाचणं यात कमीपणा कसला?

पण याच गावाला भारतीय संघाचा सामना बघावासा वाटला तर जायचं कुठे? राष्ट्रीय संघाचे घरचे सामने वर्षानुवर्षं कोलकाता, गोवा, बंगळूर, दिल्ली, गुवाहाटी अशा ठिकाणी होत आले. मुंबईची गोष्ट तर आणखी चटका लावणारी. ३ सप्टेंबर २०१६ ला अंधेरीच्या याच मैदानावर भारतानं प्वेर्तो रिकोला ४-१ असं हरवलं, तेव्हा मुंबईत भारताचा आंतरराष्ट्रीय सामना तब्बल ६१ वर्षांनी होत होता! आजोबांनी तरुणपणी देशाचा संघ पाहिला आणि मग थेट नातवानं. मधली अख्खी पिढी कोरडी गेली. ज्याला कधी जवळून पाहिलंच नाही, त्याच्यासाठी जीव टांगणीला लागणार कसा?

आणि हे त्या शहरात, जिथे १८९१ मध्ये रोव्हर्स चषक सुरू झाला. कूपरेजच्या मैदानावर देशभरातले संघ येऊन खेळले. टाटा, महिंद्र, मफतलाल, ओर्के मिल्स अशा कंपन्या-गिरण्यांचे संघ गाजले. टाटांकडून खेळणारा नेव्हिल डिसूझा मूळचा गोव्याचा, वाढला-खेळला मुंबईत. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारत ४-२ असा जिंकला, त्यात तीन गोल त्याचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई. त्या स्पर्धेत भारत चौथा आला. आज कूपरेजवरून चर्चगेटकडे चालत जाणाऱ्या किती जणांना हे नाव ठाऊक आहे? गणपतीतल्या देखाव्यांपासून शालेय पुस्तकांपर्यंत कुठे ना कुठे या माणसाला जागा मिळायला हवी होती.

अंधेरीच्या जूनआधी आठ महिने महाराष्ट्रात एक मोठा प्रयोग होऊन गेला होता. २०१७ च्या ऑक्टोबरात १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. फिफाच्या कुठल्याही स्पर्धेत भारताचा संघ उतरण्याची ही पहिलीच वेळ, आणि नवी मुंबई व गोवा ही सहा यजमान ठिकाणांपैकी दोन. स्पर्धेला तीन आठवडे उरले असताना, १५ सप्टेंबरला, राज्य सरकारनं ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ राबवलं: एका दिवसात दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा. शाळाशाळांत चेंडू पोहोचले. जिल्हा परिषदेच्या शाळांच्या पटांगणात, जिथे एरवी खो-खो, कबड्डी आणि लंगडी, तिथे गुरुजींनी दोन दगड ठेवून गोल आखला. सरकारी उपक्रमात जे राहून जातं ते इथेही राहून गेलं असेल. पण ज्या मुलाच्या पायाला त्या दिवशी पहिल्यांदा खरा चेंडू लागला, त्याच्यासाठी स्पर्धा दिल्लीत किंवा नवी मुंबईत होत नव्हती, ती त्याच्या पटांगणात सुरू झाली होती. स्पर्धेआधीची हवा तयार करायची तर ती अशीच, पायापासून.

भारताच्या त्या १७ वर्षांखालील संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. रिक्षाचालकाचा मुलगा. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झाला आणि भारताच्या आघाडीच्या फळीत पोहोचला. अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडेही याच संघात. आणि २१ जणांत मणिपूरचे आठ, कर्णधार अमरजितसिंग कियाम त्यांच्यातलाच. पेठेत ज्या मुलाला चिखलात खेळताना पाहिलं, तो आता दूरदर्शनवर राष्ट्रगीताला उभा राहणार, यानं एका गावात किती घरांत काय काय झालं असेल! ज्या कोल्हापुरानं अर्जेंटिनाचे फलक लावले, त्याला भारताच्या जर्सीतलं आपल्या घरचं नाव मिळालं.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर ६ ऑक्टोबरला अमेरिकेनं भारताला तीन गोलांनी हरवलं. ९ तारखेला समोर कोलंबिया. कोलंबिया एका गोलानं पुढे. ८२व्या मिनिटाला संजीव स्टालिननं कॉर्नर घेतला. चेंडू वळत गोलासमोर आला आणि उंच जीक्सन सिंगनं गर्दीतून उडी घेऊन तो डोक्यानं जाळ्यात घातला. विश्वचषकात भारताचा पहिला गोल. पहिला, कुठल्याही वयोगटातला, आजवरचा. मैदानात पंचेचाळीस हजारांच्या वर माणसं. ती एकदम उसळली. अनोळखी माणसांनी अनोळखी माणसांना मिठ्या मारल्या. दूरदर्शनसमोर बसलेल्यांच्या घरांतही तेच. मिनिटभरात कोलंबियानं दुसरा गोल केला. आनंद अजून ओसरलाही नव्हता, मुलं मधल्या रेषेकडे धावत परततच होती.

एकच मिनिट मिळालं, पण ते पाहिलेली माणसं आजही त्याच्याबद्दल बोलतात. स्पर्धा संपली तेव्हा मोजणी झाली: १३,४७,१३३ प्रेक्षक. या वयोगटाच्या विश्वचषकातला तोवरचा सर्वाधिक आकडा, १९८५ च्या चीनमधल्या पहिल्या स्पर्धेचा विक्रम मोडणारा. भारत तर तीनही सामने हरून बाहेर पडला होता, तरी लोक येत राहिले. नवी मुंबईत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर स्पेन आणि माली यांचा उपांत्य सामना झाला, तोही लोकांनी मनापासून पाहिला.

जीक्सनच्या गोलाच्याच आठवड्यात, ११ ऑक्टोबरला, बंगळुरात मोठ्यांच्या संघानं मकाऊला ४-१ हरवून अमिरातीतल्या आशियाई चषकाचं तिकीट काढलं. दोन दिवसांच्या अंतरानं एका मुलाचा गोल आणि एका संघाची पात्रता. ‘ब्लू पिल्ग्रिम्स’ नावानं एकत्र आलेले चाहते याच वर्षातले. भारताचा कुठलाही संघ असो, मुलांचा, मुलींचा, कुठल्याही वयाचा, तो जिथे खेळेल तिथे निळी जर्सी घालून हजर राहायचं, हे त्यांनी ठरवलं. रेल्वेचं तिकीट स्वतःचं, ढोल स्वतःचा, रजाही स्वतःची. अंधेरीत पहिल्या दिवशी जे अडीच हजार आले होते, त्यांत ही मंडळी होती. छेत्रीच्या हाकेची गरज नसलेले जे थोडके लोक असतात, ते असे. गर्दी आली तेव्हा तिला घोषणा शिकवायला कुणीतरी आधीपासून तिथे उभं असावं लागतं.

अमिरातीत ६ जानेवारी २०१९ ला भारत थायलंडविरुद्ध उतरला. अबुधाबीतलं अल नाह्यान स्टेडियम. तिथे राहणाऱ्यांत साधारण दर तिसरा माणूस भारतीय; बांधकामावरचा मजूर, दुकानातला विक्रेता, बँकेतला अधिकारी, परिचारिका, सगळ्यांनाच देशाचा संघ दारात आलेला. २७व्या मिनिटाला छेत्रीची पेनल्टी, थायलंडची बरोबरी, आणि मध्यंतरानंतर लगेच पुन्हा छेत्री. मग अनिरुद्ध थापा, मग जेजे. चार-एक. आशियाई चषकात भारत १९६४ नंतर पहिल्यांदा सामना जिंकला होता. दुसऱ्याच दिवशी थायलंडनं आपला प्रशिक्षक बदलला. पुढच्या सामन्यात यजमानांकडून ०-२ अशी हार झाली, पण बहरीनशी बरोबरी साधली असती तरी बहुधा बाद फेरी गाठता आली असती. शारजात ९० मिनिटं भारतानं किल्ला लढवला. भरपाईच्या वेळेत बहरीनला पेनल्टी मिळाली, तिच्यावर गोल झाला आणि सारं संपलं. मुंबईच्या पावसात ज्यांनी टाळ्यांचा ताल धरला होता, त्यांना त्या रात्री झोप लागली नसेल.

महाराष्ट्राच्या वाट्याला याहूनही कडू एक स्पर्धा आली. ती फारशी कुणाला आठवत नाही, म्हणून ती सांगायलाच हवी.

जानेवारी २०२२. महिलांचा आशियाई चषक भारतात, आणि तिन्ही मैदानं महाराष्ट्रातली: अंधेरी, नेरुळ आणि पुण्यातलं बालेवाडी. पुढच्या वर्षीच्या महिला विश्वचषकाची वाट इथूनच जात होती. भारताच्या मुलींनी कधीही न गाठलेलं शिखर, आणि त्याची पहिली पायरी आपल्या दारात. पण करोनाची लाट होती आणि मैदानं प्रेक्षकांविना होती. २० जानेवारीला डी. वाय. पाटीलवर भारत आणि इराण यांची गोलशून्य बरोबरी झाली. संधी मागून संधी हुकली, आणि चुकलेल्या नेमावर हळहळायलाही कुणी नव्हतं. ज्या स्टेडियमवर क्रिकेटला मुंगी शिरायला जागा नसते, तिथे मुलींच्या एकमेकींना दिलेल्या हाका ऐकू येत होत्या.

२३ जानेवारीला चायनीज तैपेईशी सामना. त्या दिवशी भारतीय संघात करोनाचे इतके रुग्ण निघाले, की नियमाप्रमाणे लागणाऱ्या तेरा खेळाडूही उभ्या करता येईनात. सामना झाला नाही. यजमान संघ स्पर्धेबाहेर. इराणविरुद्धची बरोबरीही हिशेबातून पुसली गेली. वर्षानुवर्षं घाम गाळलेल्या मुली हॉटेलच्या खोल्यांत बंद, खिडकीबाहेर मुंबई. हरणं परवडतं, त्याला निदान शेवट असतो. इथे तोही मिळाला नाही, आणि त्यांच्यासाठी रडायला एक माणूसही पायऱ्यांवर नव्हता.

पुरुष संघाची वाट त्यानंतर चढ-उताराची राहिली. जानेवारी २०२४ मध्ये कतारातल्या आशियाई चषकात ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्याला पस्तीस हजारांच्या वर प्रेक्षक होते, त्यांतले बहुतेक निळ्या जर्सीतले, आणि मध्यंतरापर्यंत भारतानं ऑस्ट्रेलियाला गोल करू दिला नव्हता. पण त्या स्पर्धेत भारताला एकही गोल करता आला नाही. ६ जून २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर छेत्रीनं निरोपाचा सामना खेळला. अंधेरीच्या पावसाला सहा वर्षं आणि दोन दिवस झाले होते. कुवेतशी गोलशून्य बरोबरी. पन्नास हजारांहून जास्त माणसं आली होती, आणि या वेळी त्यानं कुणाला विनवलं नव्हतं. मैदानाला फेरी मारताना त्याला रडू आवरलं नाही. पुढच्या वर्षी संघाला गरज पडली तेव्हा चाळिशी ओलांडलेला तो परतलाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर भारताची गाठ सिंगापूरशी पडली. २०२७ च्या आशियाई चषकाची आशा जिवंत ठेवायची तर जिंकायलाच हवं होतं. प्रशिक्षक आता खालिद जमील, ज्यांची खेळाडू म्हणून आणि प्रशिक्षक म्हणूनही बरीच वर्षं मुंबईत गेली. सप्टेंबरात त्यांनी संघाला मध्य आशियातल्या स्पर्धेत ओमानवर मात करून तिसरा क्रमांक मिळवून दिला होता, त्यामुळे आशेला पुन्हा पालवी फुटली होती. चौदाव्या मिनिटाला मुंबई सिटीच्या लालियनझुआला छांगतेनं लांबून सणसणीत गोल केला. फातोर्डा उसळलं. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरनं बरोबरी साधली, नंतर दुसरा गोल केला. एक-दोन. ज्या गोव्यात चर्चच्या मागच्या पटांगणात पोरं अंधार पडेपर्यंत खेळतात, त्या गोव्यातच भारताची वाट बंद झाली.

त्या हताश ऑक्टोबराच्या तीन महिने आधी थायलंडमधल्या चियांग माईत वेगळंच काही घडलं होतं. महिला आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत भारताच्या मुलींनी मंगोलियावर तेरा गोल चढवले, तिमोर-लेस्तेला चार आणि इराकला पाच गोलांनी हरवलं. ५ जुलै २०२५ ला शेवटचा सामना यजमान थायलंडशी. जो जिंकेल तो ऑस्ट्रेलियाला जाईल. प्रेक्षक थायलंडचे, मैदान थायलंडचं, मानांकनही थायलंडचं वरचं. संगीता बासफोरनं २९व्या मिनिटाला लांबून गोल मारला. मध्यंतरानंतर थायलंडनं बरोबरी केली. ७४व्या मिनिटाला पुन्हा संगीता, या वेळी डोक्यानं. दोन-एक. पात्रता फेरी खेळून आणि जिंकून भारताच्या मुली आशियाई चषकाला पहिल्यांदाच पोहोचल्या.

२९ जुलैला सिडनीत चिठ्ठ्या निघाल्या. भारताच्या गटात जपान आणि व्हिएतनाम आले. चौथं नाव निघालं चायनीज तैपेई. नेरुळच्या रिकाम्या स्टेडियमवर २३ जानेवारी २०२२ ला जो सामना होऊ शकला नव्हता, तो आता सिडनीत होणार होता, आणि या वेळी पायऱ्यांवर बसायला कुणाला मनाई नव्हती.